समभागांच्या भावाची चल सरासरी : डेटा मॉडेलमधील गणनपद्धती व आवश्यक दक्षता

सारांश

समभागांच्या भावांचा अभ्यास करताना चल सरासरी हे सर्वाधिक वापरले जाणारे साधन आहे. तिची गणना वरवर पाहता अत्यंत सोपी वाटते. तथापि, एक्सेलमधील पॉवर पिव्होट किंवा पॉवर बीआय यांसारख्या साधनांमध्ये, ज्यांत माहिती सारण्यांच्या व त्यांतील संबंधांच्या स्वरूपात साठविली जाते, ‘मागील पाच दिवस’ या शब्दांचा अर्थ अभ्यासकाला स्वतः निश्चित करावा लागतो. तो निश्चित न केल्यास उत्तर चुकते, आणि साधन त्याची कोणतीही सूचना देत नाही. प्रस्तुत लेखात जानेवारी २०२४ मधील मुंबईच्या शेअर बाजाराच्या प्रत्यक्ष कामकाजाच्या दिवसांच्या आधारे ही अडचण व तिचे निराकरण स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : चल सरासरी, व्यवहारदिन, डेटा मॉडेल, डॅक्स, बंद भाव.

१. प्रस्तावना

वाणिज्य, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि व्यवस्थापन या शाखांतील पदव्युत्तर प्रकल्पांमध्ये शेअर बाजारातील भावांचे विश्लेषण हा विषय वारंवार निवडला जातो. दैनंदिन भावांची माहिती सहज उपलब्ध असते, संगणकीय साधनेही हाताशी असतात आणि आलेख आकर्षक दिसतो. मार्गदर्शक प्राध्यापकासमोर येतो तो हा तयार आलेख. त्यामागील गणना क्वचितच तपासली जाते. प्रकल्पाचा निष्कर्ष मात्र पूर्णतः त्या गणनेवर उभा असतो. म्हणून ही गणना नेमकी कशी होते हे समजून घेणे मार्गदर्शकाच्या दृष्टीने अगत्याचे ठरते.

२. संकल्पना

दिलेल्या दिवसाचा आणि त्याआधीच्या ठरावीक दिवसांचा बंद भाव घेऊन काढलेले अंकगणिती मध्य म्हणजे साधी चल सरासरी होय. दुसऱ्या दिवशी नवा भाव आत येतो व सर्वांत जुना भाव बाहेर पडतो. म्हणून तिला ‘चल’ म्हणतात. अल्पकाळासाठी ५ किंवा २० दिवसांची, तर दीर्घकाळासाठी ५० किंवा २०० दिवसांची सरासरी रूढ आहे. बंद भाव सरासरीच्या वर गेला तर कल चढता व खाली आला तर उतरता, असा ढोबळ संकेत मानला जातो.

या सरासरीला अंगभूत विलंब असतो. ५ दिवसांच्या सरासरीतील भावांचे सरासरी वय २ दिवस, तर २०० दिवसांच्या सरासरीतील भावांचे ९९.५ दिवस असते. सरासरी भविष्य सांगत नाही. ती भूतकाळाचा गोषवारा मांडते, हे विद्यार्थ्यांना प्रथम सांगावयास हवे.

३. डेटा मॉडेलमधील मूळ अडचण

साध्या कार्यपत्रकात पाच दिवसांची सरासरी काढणे म्हणजे चालू चौकट व तिच्या वरील चार चौकटी यांची सरासरी काढणे. तेथे ‘वरील ओळ’ ही गोष्ट अस्तित्वात असते. डेटा मॉडेलमध्ये ती नसते. २०१० मध्ये एक्सेलसाठी आलेल्या पॉवर पिव्होटमध्ये आणि २०१५ पासून उपलब्ध असलेल्या पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये डॅक्स ही एकच सूत्रभाषा वापरली जाते. या भाषेत सारणीतील ओळींना स्वाभाविक क्रम नसतो. कोणत्या ओळी गणनेत घ्यावयाच्या हे फिल्टरच्या अटीने सांगावे लागते.

अशी अट लिहिण्याचा सर्वांत सोपा मार्ग दिनांकांचा आहे. डॅक्समधील ‘डेट्सइनपिरियड’ हे फलन दिलेल्या दिनांकापासून मागील सात दिवसांचे दिनांक देते. आठवड्यात पाच व्यवहारदिन असतात, म्हणून मागील सात दिनांकांची सरासरी म्हणजे पाच व्यवहारदिनांची सरासरी, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतकच सदोष आहे.

४. प्रत्यक्ष उदाहरण : जानेवारी २०२४

शनिवार, २० जानेवारी २०२४ रोजी मुंबईतील शेअर बाजार पूर्ण वेळ सुरू होते. सोमवार, २२ जानेवारी रोजी महाराष्ट्रात सार्वजनिक सुट्टी असल्याने ते बंद राहिले. शुक्रवार, २६ जानेवारी रोजी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी होती. परिणामी १५ ते २९ जानेवारी या काळातील व्यवहारदिन १५, १६, १७, १८, १९, २०, २३, २४, २५ व २९ असे दहा होते.

या दहा दिवसांचे एका समभागाचे बंद भाव अनुक्रमे १००, १०२, १०१, ९९, १०३, १०४, ९८, १००, १०१ व १०० रुपये होते, असे केवळ स्पष्टीकरणासाठी मानू. दोन्ही पद्धतींनी येणारी उत्तरे पुढीलप्रमाणे आहेत.

तक्ता क्र. १ : दोन पद्धतींची तुलना

| दिनांक (जानेवारी २०२४) | बंद भाव | ७ दिनांकांतील व्यवहारदिन | ७ दिनांकांची सरासरी | ५ व्यवहारदिनांची सरासरी |
|---|---|---|---|---|
| १९ | १०३ | ५ | १०१.०० | १०१.०० |
| २० | १०४ | ६ | १०१.५० | १०१.८० |
| २३ | ९८ | ५ | १०१.०० | १०१.०० |
| २४ | १०० | ५ | १००.८० | १००.८० |
| २५ | १०१ | ५ | १०१.२० | १०१.२० |
| २९ | १०० | ४ | ९९.७५ | १००.६० |

सहापैकी चार दिवशी दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळतात. म्हणूनच ही चूक नजरेस येत नाही. एखाद-दुसरा दिवस पडताळून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सूत्र बरोबर असल्याची खात्री पटते. २९ जानेवारीची ओळ मात्र विचार करावयास लावते. भाव १०१ वरून १०० वर उतरला, तरी पहिल्या पद्धतीनुसार तो सरासरी ओलांडून वर गेल्याचे दिसते. चढत्या कलाचा हा संकेत बाजाराने दिलेला नाही, तो सुट्टीमुळे निर्माण झाला आहे. २० जानेवारीचा १०४ हा मोठा भाव सात दिनांकांच्या बाहेर पडल्यामुळे सरासरी खाली घसरली, एवढेच तेथे घडले.

दीर्घ कालावधीत हा दोष अधिक गंभीर होतो. वर्षात साधारणतः २४५ ते २५० व्यवहारदिन असतात. त्यामुळे २०० दिनांक मागे गेल्यास जेमतेम १३५ च्या आसपास भाव हाती येतात. २०० दिवसांची म्हणून मांडलेली सरासरी वस्तुतः निराळीच राशी असते.

शनिवार-रविवार वगळून उरलेले दिवस मोजणे हाही खात्रीचा उपाय नव्हे. वरील शनिवार व्यवहाराचा होता. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी लक्ष्मीपूजनाचे मुहूर्ताचे व्यवहार तर रविवारी झाले.

५. निराकरण : व्यवहारदिनांचे क्रमांकन

योग्य पद्धतीचे सूत्र एका वाक्यात सांगता येते : दिनांक मोजू नयेत, व्यवहारदिनांना क्रमांक द्यावेत. त्याच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) सर्व दिनांकांची स्वतंत्र सारणी तयार करून ती भावांच्या सारणीशी जोडावी.

(आ) दिनांक सारणीत ‘व्यवहारक्रमांक’ हा स्तंभ निर्माण करावा. प्रत्येक दिनांकासाठी, त्या दिनांकापर्यंत भावांच्या सारणीत किती वेगवेगळे दिनांक आले आहेत, ती संख्या म्हणजे त्याचा क्रमांक. सुट्टीच्या दिवसाला आपोआप आधीच्या व्यवहारदिनाचाच क्रमांक मिळतो. त्यामुळे महिन्याची अखेर सुट्टीच्या दिवशी आली तरी मासिक अहवालात गणना खंडित होत नाही.

(इ) निवडलेल्या दिनांकांतील सर्वांत मोठा व्यवहारक्रमांक शोधावा. त्यानंतर ‘कॅल्क्युलेट’ या फलनाच्या साहाय्याने दिनांक सारणीवरील मूळ फिल्टर दूर करून, त्या क्रमांकासह मागील पाच क्रमांकांच्या बंद भावांची सरासरी काढावी.

(ई) त्याच अटींनी नोंदींची संख्याही मोजावी व ती नेमकी पाच असेल तरच सरासरी दाखवावी, अन्यथा जागा रिक्त ठेवावी. मालिकेच्या आरंभी पहिल्या चार दिवशी पुरेसे भाव नसतात; अट नसल्यास साधन एका किंवा दोन भावांचीही ‘पाच दिवसांची सरासरी’ निमूटपणे दाखविते.

(उ) एकच समभाग निवडलेला असेल तेव्हाच उत्तर द्यावे. अन्यथा भिन्न कंपन्यांचे भाव एकत्र मिसळून अर्थहीन संख्या मिळते.

डिसेंबर २०२२ मध्ये पॉवर बीआयमध्ये दाखल झालेल्या ‘विंडो’ या फलनामुळे ओळींचा क्रम सांगून थेट मागील पाच ओळी घेता येतात. सूत्र त्यामुळे आटोपशीर होते. परंतु आरंभीच्या अपुऱ्या ओळींची तपासणी तेथेही अभ्यासकालाच करावी लागते.

६. निर्णय अभ्यासकाचा

एखाद्या समभागाचे व्यवहार काही काळ स्थगित असल्यास क्रमांकन बाजाराच्या दिवसांनुसार करावे की त्या समभागाच्या दिवसांनुसार, हा प्रश्न उद्भवतो. पहिल्या प्रकारात पाचपेक्षा कमी भाव मिळतात व वरील अटीनुसार जागा रिक्त राहते. दुसऱ्या प्रकारात भाव पाचच मिळतात, पण ते कित्येक आठवड्यांत विखुरलेले असू शकतात. दोन्ही पद्धती समर्थनीय आहेत. कोणती वापरली याचा उल्लेख प्रकल्पात असणे आवश्यक आहे.

बक्षीस समभाग व समभाग विभाजन यांचाही विचार करावयास हवा. रिलायन्स इंडस्ट्रीजने एकास एक या प्रमाणात बक्षीस समभाग दिले, तेव्हा २८ ऑक्टोबर २०२४ पासून भाव सुमारे निम्म्यावर आला. भागधारकाची मालमत्ता त्यामुळे निम्मी झाली नाही. समभागांची संख्या दुप्पट झाली. जुने भाव निम्मे करून घेतले नाहीत, तर २०० दिवसांच्या सरासरीत जुने व नवे भाव पुढील १९९ व्यवहारदिन मिसळलेले राहतात आणि भाव कोसळल्याचा खोटा संकेत मिळत राहतो. कोणतेही सूत्र हा दोष दूर करू शकत नाही. मूळ माहितीच समायोजित असावी लागते.

७. निष्कर्ष

चल सरासरीची गणना ही भागाकाराची क्रिया असली, तरी तिचा कस भाजकात आहे. भाजक पाच आहे असे अभ्यासक मानतो. साधन मात्र फिल्टरमधून जेवढ्या नोंदी मिळाल्या तेवढ्यांनी भागते. या दोहोंतील अंतर तपासण्याचा सुलभ मार्ग म्हणजे सरासरीच्या शेजारी नोंदींच्या संख्येचा स्तंभ ठेवणे. मार्गदर्शकांनी प्रकल्प स्वीकारताना आलेखासोबत हा स्तंभही मागितल्यास बहुतांश चुका तेथेच उघड होतील. किमान एक सुट्टीचा आठवडा विद्यार्थ्याकडून हाताने सोडवून घेतल्यास, साधन काय करते आणि काय करीत नाही, याची जाण त्याला कायमची येईल.