रेडियम : गाडीवरची अक्षरं आपल्या हातानं

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, आणि आज बोलायचं आहे गाडीवर चिकटवायच्या अक्षरांवर आणि पट्ट्यांवर. दुकानात ज्याला सगळे 'रेडियम' म्हणतात, त्यावर. हे काम आम्ही सत्तरी ओलांडल्यावर शिकलो, तेही चुकत चुकत. नवशिक्याला नवशिक्यानंच सांगावं, कारण आपण कुठे अडखळलो होतो ते त्याला अजून आठवत असतं.

याची सुरुवात एका अपघातापासून झाली. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास कापूस घरी येऊ लागतो आणि हिंगणघाट, देवळी, पुलगावच्या वाटांवर ट्रॅक्टर आणि बैलबंड्या दिसू लागतात. आमच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याच्या बंडीला अंधार पडल्यावर मागून मोटारसायकल धडकली. चालवणाऱ्या पोराचा पाय मोडला. दवाखान्यात तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मले बंडी दिसलीच नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही लाल चमकती पट्टी विकत आणली आणि बंडीच्या मागच्या फळीवर चिकटवली. आठवडाभरात ती गळून पडली. का पडली, हे शोधता शोधता आम्ही या कामात शिरलो.

आधी नावाचा घोळ सोडवू. रेडियम हे मूलद्रव्य मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ साली शोधलं. पुढे ते वापरून केलेला रंग घड्याळाच्या काट्यांना लावत, म्हणजे काटे अंधारात चमकत. तो रंग भरणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुली त्यापायी आजारी पडल्या, काही दगावल्या. दुकानातल्या 'रेडियम'मध्ये त्या धातूचा कणही नसतो. तिथे त्या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक साधं रंगीत व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसीचा पातळ पापुद्रा, मागे गोंद आणि त्यामागे गुळगुळीत कागद. दुसरी परावर्तक शीट. तिच्यात काचेचे अगदी बारीक मणी किंवा सूक्ष्म प्रिझम असतात, आणि ते दिव्याचा प्रकाश ज्या दिशेनं आला त्याच दिशेला परत पाठवतात. लक्षात घ्या, ही शीट स्वतः उजळत नाही. समोरच्याचा दिवा लागलेला असेल तरच ती दिसते.

म्हणून घेताना पारखून घ्या. मोबाइलची बॅटरी डोळ्यांजवळ धरून पाच-सहा पावलांवरून शीटवर मारा. झळकली तर परावर्तक, नाहीतर नुसता रंग. नाव लिहायला साधं व्हिनाइल चालतं. रात्री दिसायला हवं असेल, तर रंग कितीही भडक असला तरी उपयोग नाही.

साध्या व्हिनाइलमध्येही दोन जाती आहेत. एक रुळांमधून लाटून, ताणून पातळ केलेली. ती स्वस्त असते, पण ताण तिच्या अंगात राहतो. उन्हातान्हात ती हळूहळू आकसते आणि कडा उचलल्या जातात. दुसरी द्रवरूपात ओतून सुकवलेली. तिच्यात ताण नसतो, म्हणून ती टाकीच्या गोलाईवर किंवा खाचेत नीट बसते, पण महाग पडते. सपाट पत्र्यावर पहिली पुरते. शिकताना तीच घ्यावी, कारण पहिले दोन-चार तुकडे वाया जाणारच आहेत.

आता कापणं. आपल्या दुकानांत संगणकाला जोडलेलं कटर असतं, पण सुरुवात हातानं करावी असं आमचं मत आहे. धारदार कटर, स्टीलची पट्टी, आणि अंगठ्याएवढे चौकोन कापायचा सराव. वरचा पापुद्रा कापला गेला पाहिजे, खालचा कागद मात्र शाबूत राहिला पाहिजे. आम्ही पहिल्या दिवशी दर वेळी आरपार कापत होतो. दुकानातला कारागीर हसून म्हणाला, "सर, अक्षर कापा लागते, कागद नाही." किती दाब द्यायचा हे तो शब्दांत सांगू शकत नव्हता, आणि आम्हीही आज तुम्हाला सांगू शकत नाही. तिसाव्या-चाळिसाव्या चौकोनाला ते बोटांना कळतं.

मराठी अक्षरांची इथे एक गंमत आहे. इंग्रजी शब्दातलं प्रत्येक अक्षर सुटं असतं. आपला शब्द शिरोरेखेला टांगलेला असतो, त्यामुळे तो एकसंध उचलला जातो. नवशिक्याला हे वरदानच आहे. पण अनुस्वार सुटा असतो. फालतू भाग सोलून काढताना तो हमखास सोबत निघून जातो, आणि 'आई-वडिलांचा आशीर्वाद' हा 'वडिलाचा आशीर्वाद' होऊन गावभर फिरतो. म्हणून सोलायच्या आधी टिंबं मोजा. संगणकावर अक्षरं केलीत तर आणखी एक सावधगिरी हवी. पडद्यावर शब्द अखंड दिसतो, पण आत प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी असते आणि ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. कटर त्या सगळ्या रेषा कापतं आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. इंकस्केपसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत सगळे आकार जोडून एक करता येतात. ते करूनच कापायला द्या.

लावण्याची वेळ सकाळची, जागा सावलीतली. वैशाखातल्या दुपारी आपल्याकडे पत्रा इतका तापतो की गोंद टेकताक्षणी धरतो आणि चूक दुरुस्त करता येत नाही. पत्रा आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, कोरडा करा, मग औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटनं पुसा. रॉकेल नको, त्याचा तेलकट थर मागे राहतो. गाडी नुकतीच रंगवली असेल तर काही आठवडे थांबा. सुकणाऱ्या रंगातून वाफ निघत राहते आणि तिचे फुगे होतात.

अक्षरांवर कागदी मास्किंग टेप चिकटवा, म्हणजे ओळ विस्कटत नाही. गाडीवर जागा मोजून घ्या आणि वरच्या कडेला टेपची एक पट्टी लावा. ती बिजागरीसारखी काम करते. अक्षरं वर उलटा, मागचा कागद काढा, पत्र्यावर थेंबभर साबण घातलेलं पाणी फवारा आणि हळूहळू खाली सोडा. पाण्यामुळे थोडं सरकवायला वाव मिळतो. जुन्या एटीएम कार्डाला सुती कापड गुंडाळून मधून कडेकडे पाणी ढकला. घाई करू नका. टेप अगदी सावकाश, पत्र्याला लगटून मागे ओढत काढा. राहिलेला फुगा नखानं फोडू नका, कडेला सुईनं टोचून दाबा. परावर्तक शीट मात्र कोरडीच लावलेली बरी. पुढचे दोन-तीन दिवस गाडी धुवायची नाही.

कुठे लावायचं नाही, हेही सांगून ठेवतो. नंबरप्लेटवर काहीही नको. आपला एमएच ३२ कितीही अभिमानाचा असला तरी त्याला नक्षी करता येत नाही, आणि मोटारवाहन नियमांप्रमाणे ती अक्षरं इंग्रजीच हवीत. पुढची काच आणि दिवे मोकळे ठेवा. आणि रात्रीच्या रस्त्यावर रंगांना अर्थ असतो. पांढरा दिसला की गाडी समोरून येते आहे, लाल दिसला की आपण तिच्या मागे आहोत. हौसेखातर पुढे लाल लावलं, तर येणाऱ्याला आपण खोटं सांगतो.

आता त्या गळालेल्या पट्टीकडे येऊ. चूक तिची नव्हती. खरबरीत, धूळ बसलेल्या लाकडावर गोंदाला टेकायला जागाच नव्हती. आम्ही ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन तुकडे घेतले, कोपरे घासून बोथट केले, स्वच्छ पुसून त्यांवर लाल पट्टी बसवली आणि ते मागच्या फळीच्या दोन्ही टोकांना स्क्रूनं पक्के केले. दोन का? एकच ठिपका दिसला तर वाहनाची रुंदी कळत नाही. त्या पट्ट्यांनी तीन पावसाळे काढले आहेत.

१९३७ साली याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देणारी नई तालीम पुढे आली. वर्गात तिच्यावर आम्ही कितीतरी तास बोललो असू. पण चुकलेलं काम आपली चूक स्वतःच दाखवून देतं, शिक्षकाची वाट पाहत नाही, हे त्या गळून पडलेल्या पट्टीनं आम्हाला शिकवलं.

तेव्हा नाव लिहा, चित्रं काढा, हौस करा. पण पहिला नीट जमलेला तुकडा शेजारच्या बंडीच्या किंवा ट्रॉलीच्या मागे लावून या. आणि रात्री शंभर पावलं मागे जाऊन, बॅटरी लावून, तो दिसतो का ते स्वतः बघा.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.