अतिदक्षता विभागातील ‘स्कोअर’ : अर्थ आणि मर्यादा

२०२१ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने महाराष्ट्राला घेरले, तेव्हा एक इंग्रजी शब्द शहरांपासून खेड्यापाड्यांपर्यंत घरोघरी जाऊन पोहोचला. तो शब्द म्हणजे ‘स्कोअर’. रुग्णाची विचारपूस करणारा पहिला प्रश्न ‘ताप किती?’ असा नसे, तर ‘स्कोअर किती आला?’ असा असे. आकडा लहान असला की घरचे निर्धास्त होत, मोठा असला की रडारड सुरू होई. वास्तविक या दोन्ही गोष्टी बहुधा घाईच्या होत्या. विषाणूजन्य आजार पुन्हा येणारच नाहीत असे नाही. म्हणून या आकड्यांचा खरा अर्थ आपल्या सभासदांना व विशेषतः विद्यार्थी मित्रांना कळावा, या हेतूने हा लेख आम्ही लिहीत आहोत.

छातीच्या स्कॅनचा आकडा

त्या वेळी सर्वतोमुखी झालेला ‘स्कोअर’ हा छातीच्या सीटी स्कॅनचा, म्हणजे एचआरसीटीचा होता. उजव्या फुफ्फुसाचे तीन व डाव्याचे दोन असे एकूण पाच खंड असतात. प्रत्येक खंड किती व्यापला आहे ते पाहून ० ते ५ गुण देतात व त्यांची बेरीज २५ पैकी सांगतात. लोकांची झुंबड एवढी होती की, सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाला या तपासणीचे कमाल दर ठरवून द्यावे लागले.

हा आकडा फुफ्फुसाचा किती भाग आजाराने व्यापला आहे एवढेच सांगतो. रुग्णाचे वय, त्याचा मधुमेह, रक्तातील प्राणवायू, मूत्रपिंडाची स्थिती यांपैकी काहीही त्यात येत नाही. शिवाय आजाराच्या दुसऱ्या दिवशी काढलेला स्कॅन आठव्या दिवसाबद्दल फारसे सांगू शकत नाही. म्हणून केवळ या एका आकड्यावरून जगण्यामरण्याचा अंदाज बांधणे योग्य नव्हते.

धोका मोजण्याची खरी मापे

अतिदक्षता विभागातील डॉक्टर ज्या मापांनी धोका अजमावतात ती वेगळी आहेत. अमेरिकेत १९८५ साली ‘अपाची-२’ हे माप प्रसिद्ध झाले. तापमान, रक्तदाब, नाडी, श्वास, रक्तातील क्षार इत्यादी बारा मोजमापे, त्यांत वय व जुने आजार मिळवून कमाल ७१ गुण होतात. त्यासाठी १३ रुग्णालयांतील ५,८१५ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या होत्या. १९९६ साली युरोपातील तज्ज्ञांनी ‘सोफा’ हे सुटसुटीत माप मांडले. त्यात फुफ्फुस, रक्तातील प्लेटलेट, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू व मूत्रपिंड या सहांना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात. बेरीज जास्तीत जास्त २४. गुण जितके अधिक तितके अवयव अधिक खचलेले.

कोरोनासाठी २०२० साली ब्रिटनमध्ये ‘फोर-सी’ हे माप तयार झाले. ३५ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून ते बांधले व आणखी २२ हजारांवर पडताळून पाहिले. वय, लिंग, जुने आजार, श्वासाची गती, प्राणवायूची पातळी, शुद्ध, रक्तातील युरिया व सीआरपी अशा आठ गोष्टींचे मिळून २१ गुण. हे माप रुग्णालयात दाखल होणाऱ्या सर्वांसाठी आहे. कोणाला अतिदक्षता विभागाची गरज पडू शकेल, हे ओळखण्यास त्याचा उपयोग होतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ६५ वर्षांचे गृहस्थ, मधुमेही, श्वास मिनिटाला २४, प्राणवायू ९० टक्के, शुद्ध चांगली, युरिया ठीक, सीआरपी १२०. वयाचे ४, पुरुष म्हणून १, मधुमेहाचा १, श्वासाचा १, प्राणवायूचे २ व सीआरपीचे २, अशी बेरीज ११ होते. ९ ते १४ गुणांच्या गटात १०० पैकी सुमारे ३१ रुग्ण दगावले होते. आता याच तपासण्या असलेली, पण मधुमेह नसलेली ४५ वर्षांची भगिनी घ्या. तिचे गुण फक्त ५. ४ ते ८ गुणांच्या गटात १०० पैकी सुमारे १० दगावले होते.

आकडा गटाचा, रुग्ण एकटा

येथे नीट लक्ष दिले पाहिजे. ‘१०० पैकी ३१’ याचा अर्थ त्या गृहस्थांचे आयुष्य ३१ टक्के संपले, असा होत नाही. त्यांच्यासारखे शंभर जण दाखल झाले तर ३१ जातील व ६९ वाचतील, एवढाच त्याचा अर्थ. आपला माणूस त्या ६९ मध्ये की ३१ मध्ये, हे कोणतेही माप सांगू शकत नाही. म्हणून आकडा ऐकून उपचार सोडणे किंवा रुग्णाला घरी नेणे हा आकड्याचा चुकीचा वापर ठरतो.

दुसरे असे की, उपचार बदलले की आकडाही जुना होतो. फोर-सी ज्या रुग्णांवरून बांधले ते बहुतेक २०२० च्या पहिल्या सहामाहीतले. त्याच वर्षी जून महिन्यात ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला. डेक्सामेथासोन या जुन्या व स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू १०० मागे सुमारे ४१ वरून २९ वर आले. गुण तेच, परंतु त्यामागचा धोका कमी झाला.

मापे कोठे फसतात

अनेक अमेरिकन राज्यांनी अशी तरतूद केली होती की, यंत्रे कमी पडल्यास व्हेंटिलेटर आधी कोणाला द्यावा हे ठरविताना सोफाचे गुण विचारात घ्यावेत. २०२१ साली तेथील एका अभ्यासात व्हेंटिलेटर लावण्यापूर्वीचे सोफा गुण तपासले गेले. एक वाचलेला व एक दगावलेला अशा शंभर जोड्या घेतल्या, तर कोणाला धोका अधिक होता हे सोफाने सुमारे ५९ जोड्यांत बरोबर सांगितले. नाणे उडवूनही ५० जोड्या बरोबर येतात! नुसते वय पाहिले असते तर ६६ आल्या असत्या. कारण उघड आहे. कोरोनात बहुतेकांची सुरुवातीला फुफ्फुसेच बिघडलेली असत, बाकीचे अवयव शाबूत असत. त्यामुळे सर्वांचे गुण जवळपास सारखेच येत.

वयालाही सर्वस्व मानता येत नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत देशातील पहिला बळी पुण्यात गेला, आणि त्या आजाराने तरुणांना व गरोदर स्त्रियांनाही गाठले. वयाला भरपूर गुण देणारे माप अशा तरुण रुग्णाचा धोका कमी दाखवू शकते. म्हणूनच एका देशात, एका आजारासाठी केलेले माप आपल्याकडे वापरण्यापूर्वी आपल्या रुग्णांवर पडताळून पाहावे लागते. अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. आपल्या भागातील जी मुले तेथे शिकतील त्यांनी रायगडच्या रुग्णांच्या नोंदींतून हे काम हाती घ्यावे, अशी आमची इच्छा आहे.

पुन्हा पुन्हा मोजणे

मग या मापांचा उपयोग तरी काय? उपयोग आहे, आणि तो मुख्यतः पुन्हा पुन्हा मोजण्यात आहे. बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे ३५२ अतिदक्षता रुग्णांवर झालेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या ४८ तासांत ज्यांचे सोफा गुण वाढले त्यांच्यापैकी निम्मे किंवा अधिक दगावले. ज्यांचे गुण उतरले त्यांच्यात हे प्रमाण २७ टक्क्यांहून कमी होते. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा त्याची दिशा अधिक बोलकी ठरली.

किहीमकरांना हे तत्त्व नवीन नाही. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी १९३० साली येथेच सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. तीच घरटी ते दिवसामागून दिवस पाहत राहिले, म्हणूनच त्या पक्ष्याच्या संसाराची खरी रीत जगाला कळली. अतिदक्षता विभागातही सकाळ-संध्याकाळची नोंद हेच डॉक्टरांचे मोठे साधन असते.

आपण काय करावे

ही मापे रुग्णाची जात, धर्म किंवा पैसा विचारत नाहीत. परंतु रुग्ण किती उशिरा आला, हे मात्र त्यांच्यात लगेच उतरते. घरी वाट पाहण्यात श्वास वाढला, प्राणवायू उतरला, मूत्रपिंड थकले की गुण वाढत जातात. वय व जुना आजार आपल्या हाती नसतो, वेळ मात्र पुष्कळदा असते. किहीमहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय सुमारे बारा किलोमीटरवर आहे. पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत, किंवा उद्या पाहू म्हणून, थांबणे महाग पडते. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक घरी ठाऊक असाव्यात.

१) श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. प्रौढ माणसाचा शांत बसलेला असताना श्वास २४ च्या वर जात असेल तर त्वरित डॉक्टर गाठावा. प्राणवायू ९४ च्या खाली असेल तरीही तसेच करावे.

२) बोटाला लावायचे यंत्र वापरताना नखपॉलिश पुसावे, थंड बोट चोळून गरम करावे. सावळ्या-काळ्या कातडीवर हे यंत्र प्राणवायू खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकते. म्हणून आकडा चांगला दिसला तरी धाप लागत असेल तर धापेवर विश्वास ठेवावा.

३) रुग्णाचे जुने आजार व चालू औषधे एका कागदावर लिहून सोबत न्यावीत.

४) रुग्ण अतिदक्षता विभागात असल्यास डॉक्टरांना केवळ ‘किती टक्के?’ असे विचारू नये. कालच्यापेक्षा आज कसे आहे, कोणते अवयव बिघडले आहेत, आणि पुढच्या दोन दिवसांत कशावर लक्ष ठेवणार आहात, हे तीन प्रश्न विचारावेत.

आमच्या विद्यार्थ्यांनी हे चार मुद्दे आपापल्या आळीत, वयोवृद्धांना व ज्यांना वाचता येत नाही त्यांना समजावून सांगावेत. पुढच्या साथीत एखादा रुग्ण एक दिवस आधी रुग्णालयात पोहोचला, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.