दूर गेलेल्यांसाठी हनोईची साद

युद्ध संपले, देश एक झाला. पण लाखो माणसे परदेशी विखुरली. मायभूमीची नभोवाणी त्यांच्याशी आजही मायबोलीत बोलते. ऐकणाऱ्यांच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो : हा आवाज माझ्या गावाचा, की सरकारचा?

हनोईत रात्रीचे बारा वाजतात तेव्हा अमेरिकेच्या कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजलेले असतात आणि माणसे कामावर पोचलेली असतात. प्राग शहरात तेव्हा संध्याकाळचे सहा वाजतात, दुकाने आवरायची वेळ. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये तर पहाटेचे चार! एरवी या हिशेबाला फारसा अर्थ नाही, पण वर्षातून एका रात्री त्याला फार अर्थ येतो. ती रात्र म्हणजे 'तेत', व्हिएतनामी नववर्षाची पूर्वसंध्या. तेत म्हणजे त्यांची दिवाळी, त्यांचा पाडवा आणि गणपतीसाठी गावी जाणे, असे सारे एकातच. पानांत गुंडाळून तासन्‌तास शिजवलेल्या चिकट तांदळाच्या वड्या, पूर्वजांपुढे लावलेल्या उदबत्त्या, उत्तरेकडे गुलाबी पीचचा मोहोर तर दक्षिणेकडे पिवळ्या फुलांची 'माय'ची फांदी. त्या रात्री बाराच्या ठोक्याला नभोवाणीवरून राष्ट्राध्यक्षांच्या शुभेच्छा ऐकायच्या, ही प्रथा हो चि मिन्ह यांच्या काळापासूनची. ते तर शुभेच्छा कवितेतून देत असत.

घर सोडून दूर राहणाऱ्याला नभोवाणी म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. इंदूरला, दिल्लीला किंवा हैदराबादला राहून रात्रीच्या वेळी मुंबई-पुण्याचे केंद्र लागते का हे पाहण्यासाठी रेडिओ खिडकीशी नेऊन ठेवणारी एक पिढी आपल्याकडेही होऊन गेली. पण आपण घर सोडले ते नोकरीसाठी. परत जायची गाडी रोज सुटत होती. व्हिएतनामी माणसांपैकी फार मोठ्या संख्येने जे गेले, त्यांच्यामागे परतीची वाट बंद झाली होती.

डोंगरातली नभोवाणी

२ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईच्या बा दिन्ह चौकात हो चि मिन्ह यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली आणि अवघ्या पाच दिवसांनी, ७ सप्टेंबरला, 'व्हॉइस ऑफ व्हिएतनाम' या केंद्राचा आवाज प्रथम घुमला. सैन्य तुटपुंजे, खजिना रिकामा, तरीही नव्या सरकारला रेडिओची एवढी घाई! कारण उघड होते. जगाने मान्यता दिली नव्हती, तेव्हा निदान जगाच्या कानावर तरी पडावे. म्हणूनच अगदी सुरुवातीपासून मायबोलीच्या जोडीला परकीय भाषांतूनही बातम्या दिल्या जात.

पुढच्याच वर्षी फ्रेंचांशी युद्ध पेटले. केंद्राने हनोई सोडले. शहराबाहेरच्या त्राम पॅगोडाच्या परिसरातून २० डिसेंबर १९४६ रोजी हो चि मिन्ह यांचे प्रतिकाराचे आवाहन प्रक्षेपित झाले. त्यानंतर यंत्रसामग्री रानावनातून, डोंगरातून फिरत राहिली. जागा बदलायची, तारा ओढायच्या, पुन्हा बोलायचे. १९५४ मध्ये केंद्र हनोईला परतले, तोवर देशाचे दोन तुकडे झाले होते. सतराव्या अक्षांशावर रेघ ओढली गेली. आठ-दहा लाख माणसे उत्तरेतून दक्षिणेत गेली, काही दक्षिणेतून उत्तरेत आली. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, अशी कितीतरी घरे. रेघ माणसांना अडवत होती, ध्वनिलहरींना नाही. 'दूरच्या आपल्या माणसांशी' बोलण्याचे वळण या केंद्राला लागले ते तेव्हापासून. परदेशस्थांचा प्रश्न पुढे आला तेव्हा ते वळण तयारच होते.

अमेरिकन युद्धाच्या काळात याच केंद्रावरून एक मृदू स्त्रीस्वर इंग्रजीत बोलत असे. त्रिन्ह थि न्गो हे तिचे नाव. अमेरिकन सैनिकांनी तिला 'हनोई हॅना' म्हणून जगप्रसिद्ध केले. 'घरी जा, हे युद्ध तुमचे नाही', असा तिच्या बोलण्याचा रोख असे. २०१६ मध्ये तिचे निधन झाले. घराची आठवण हे केवढे मोठे हत्यार आहे, हे या केंद्राला तिच्यामुळे नेमके कळले होते असे म्हणायला हरकत नाही. १९७२ च्या डिसेंबरमध्ये बी-५२ विमानांनी हनोईजवळचे मे त्री प्रक्षेपण केंद्र उद्ध्वस्त केले. नभोवाणी गप्प झाली, पण केवळ नऊ मिनिटे. दुसऱ्या प्रक्षेपकावरून आवाज पुन्हा सुरू झाला. ती नऊ मिनिटे तिथे आजही अभिमानाने सांगितली जातात.

रेडिओवर सुटलेले शहर

सायगॉनचा शेवटही रेडिओवरच घडला. २९ एप्रिल १९७५ रोजी अमेरिकनांच्या रेडिओवर तापमान वाढत असल्याचे वाक्य आले आणि पाठोपाठ 'व्हाइट ख्रिसमस' हे गाणे वाजले. एप्रिलच्या काहिलीत नाताळचे गाणे! ती निघण्याची खूण होती. दुसऱ्या दिवशी दक्षिणेचे अध्यक्ष झूआँग व्हान मिन्ह यांनी शरणागती जाहीर केली तीही नभोवाणीवरूनच. त्याच दिवशी, त्याच सायगॉन केंद्रावर गीतकार त्रिन्ह काँग सोन यांनी हातात हात गुंफण्याचे आपले गाणे गायिले. त्यांची गाणी जिच्या गळ्यातून घराघरांत पोचली ती गायिका खान्ह ली मात्र देश सोडून गेली. गीतकार मागे राहिला, गायिका गेली. त्या वर्षी व्हिएतनाममध्ये काय झाले ते एवढ्यावरून समजावे.

त्यानंतरची वीस वर्षे होड्यांची. १९७५ ते १९९५ या काळात सुमारे आठ लाख माणसे मासेमारीच्या होड्यांतून समुद्र ओलांडून कुठल्यातरी किनाऱ्याला लागली. जी बुडाली, चाच्यांच्या हाती सापडली, तहानेने गेली, त्यांची मोजदाद कोणीच केली नाही. मलेशियाचे बिडाँग बेट, इंडोनेशियातले गलांग, हाँगकाँगच्या छावण्या... नावे वाचून आपण पान उलटतो, पण तिथे मुले जन्मली आणि तिथेच शाळेत जाऊ लागली.

या काळात मागे राहिलेली माणसे बीबीसी आणि 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ची व्हिएतनामी प्रक्षेपणे आवाज बारीक करून, चोरून ऐकत. देशाबाहेर काय चालले आहे हे देशात राहून कळायला परक्याचा रेडिओ लागत होता! आणि परक्याचा रेडिओ नेहमी गोडच बोले असेही नाही. जून १९८८ मध्ये हाँगकाँगने धोरण बदलले. येणारा प्रत्येक जण निर्वासित मानला जाणार नाही, तपासणीत न टिकणाऱ्यांना परत पाठवले जाईल, अशी सूचना तिथली नभोवाणी व्हिएतनामी भाषेत वारंवार देऊ लागली. 'यापुढे' या अर्थाच्या शब्दांनी ती सुरू होई. हाँगकाँगच्या चिनी नागरिकांना ती भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण ऐकून ऐकून ते पहिले शब्द पाठ झाले. पुढे ते व्हिएतनामी माणसांना चिडवण्याचे टोपणनावच होऊन बसले.

एक भाषा, दोन श्रोते

अशा परिस्थितीत हनोईने परदेशस्थांसाठी नभोवाणी चालवायची म्हणजे बोलायचे तरी कोणाशी? परदेशातले व्हिएतनामी, त्यांना 'व्हिएत क्यू' म्हणतात, ते मुळात एक नाहीतच. पूर्व युरोपात गेले ते सरकारनेच पाठवलेले विद्यार्थी आणि करारावरचे कामगार. बर्लिनची भिंत पडली तेव्हा एकट्या पूर्व जर्मनीत असे सुमारे साठ हजार कामगार होते. बरेचसे उत्तरेकडचे, हनोईच्या बोलीचे. त्यांना हनोईचा निवेदक आपल्या गल्लीतला वाटे. अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलियात गेलेले बहुतांशी दक्षिणेचे. त्यांच्या कानाला तोच आवाज जिंकणाऱ्याचा वाटे.

शब्दांचीही तीच तऱ्हा. विमानतळ, पारपत्र, आगगाडी अशा रोजच्या गोष्टींना सायगॉनचे जुने शब्द वेगळे आणि हनोईचे वेगळे. कॅलिफोर्नियातल्या म्हाताऱ्या माणसाने १९७५ चा शब्दकोश जिवापाड जपलेला. निवेदिकेने नवा शब्द वापरला की त्याच्या कपाळाला आठी पडलीच! आपल्याकडे वऱ्हाडी आणि पुणेरी यांत गमतीने भांडण होते. तिथे एका शब्दावरून माणूस कोणत्या बाजूचा हे ठरत असे.

म्हणूनच या मंडळींनी आपली नभोवाणी आपणच उभारली. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत 'लिटल सायगॉन' नावाची पेठ वसली, तिथे १९९३ मध्ये 'लिटल सायगॉन रेडिओ' सुरू झाला. बातम्या, जुनी गाणी, श्रोत्यांशी गप्पा, दातांच्या डॉक्टरांच्या आणि किराणा दुकानांच्या जाहिराती, सगळे व्हिएतनामीत. यांच्या लेखी मायभूमी म्हणजे पिवळ्या झेंड्यावर तीन लाल पट्टे असलेले जुने राज्य. १९९९ मध्ये तिथल्या एका दुकानदाराने हो चि मिन्ह यांची तसबीर आणि हनोईचा लाल झेंडा दुकानात लावला, तर जवळजवळ दोन महिने निदर्शने चालली. हजारो लोक रस्त्यावर आले. अशा पेठेत 'हनोई बोलत आहे' हे शब्द ऐकायला किती जण उत्सुक असतील, याची कल्पना करावी.

सूर बदलला

बदल हळूहळू झाला आणि त्याला पैशाचीही किनार होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर पूर्वी पळपुटे ठरलेले लोक डॉलर पाठवणारे आप्त ठरू लागले. १९९५ मध्ये अमेरिकेशी राजनैतिक संबंध जुळले. मार्च २००४ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या पॉलिट ब्यूरोने 'ठराव ३६' संमत केला. परदेशस्थ हे व्हिएतनामी समाजाचा अविभाज्य भाग आहेत, असे त्यात म्हटले गेले. २००७ पासून त्यांना व्हिसाच्या कटकटीतून सवलत मिळाली. आज सरकारी हिशेबाने सुमारे साठ लाख व्हिएतनामी वंशाचे लोक शंभराहून अधिक देशांत आहेत.

'मायभूमीपासून दूर असलेल्या देशबांधवांसाठी' अशा नावाचा कार्यक्रम हनोईच्या परदेश सेवेवर आहे. त्यात देशातल्या घडामोडी, जमीन आणि नागरिकत्वाचे कायदे, परदेशी राहून नाव काढलेल्यांच्या हकिगती असतात आणि लोकसंगीत असते. यातले सर्वांत प्रभावी काय, असे विचारले तर उत्तर संगीत हेच द्यावे लागेल. दक्षिणेकडच्या 'व्हाँग को' या गानप्रकाराचे मूळ बाक ल्यू गावच्या काव व्हान लाऊ यांच्या १९१९ च्या सुमाराच्या एका रचनेत आहे. रात्री नगारा ऐकून दूर गेलेल्या पतीसाठी झुरणाऱ्या स्त्रीचे ते गीत. ते ऐकताना डोळे पुसणारा श्रोता कोणत्या झेंड्याखालचा, हे कळायला मार्ग नाही.

बंदी आलेली गाणीही परतली. १९७५ मध्ये देश सोडलेले ज्येष्ठ संगीतकार फाम झुई २००५ मध्ये कायमचे मायदेशी आले आणि त्यांची काही गाणी टप्प्याटप्प्याने मोकळी झाली. २०१३ मध्ये त्यांचे तिथेच निधन झाले. मे २०१४ मध्ये खान्ह ली हनोईत गायिली, देश सोडल्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी! त्रिन्ह काँग सोन तोवर हयात नव्हते. त्याच महिन्यात चीनने वादग्रस्त समुद्रात तेलविहिरीचा मंच आणून उभा केला, तेव्हा लाल झेंड्याचे आणि पिवळ्या झेंड्याचे दोन्हीकडचे लोक एकाच गोष्टीवर संतापले. असे क्वचितच घडते.

तरीही विश्वासाचा प्रश्न सुटलेला नाही. व्हिएतनाममध्ये स्वतंत्र खासगी नभोवाणी नाही. सरकारला जे सांगायचे नसते ते हनोईच्या केंद्रावर ऐकू येत नाही. ते ऐकण्यासाठी लोक परकी केंद्रे लावत, पण तीही आता उरली नाहीत म्हणावे अशी अवस्था आहे. बीबीसीने व्हिएतनामी रेडिओ २०११ मध्ये बंद केला. अमेरिकेत २०२५ च्या मार्चमध्ये सरकारने 'व्हॉइस ऑफ अमेरिका'च्या कर्मचाऱ्यांना घरी बसवले आणि १९९७ पासून व्हिएतनामीत बोलणाऱ्या 'रेडिओ फ्री एशिया'ची रसद तोडली. त्या केंद्राचे बातम्यांचे काम त्याच वर्षी थांबले.

नातवंडांचे कान

रेडिओ संचाचे दिवस सरले. लघुलहरींवर खरखरीतून आवाज शोधणारा श्रोता आता सत्तरीत आहे. हनोईचे कार्यक्रम संकेतस्थळावर आणि मोबाइलवर ऐकता येतात. पण खरी चिंता नातवंडांची आहे. व्हिएतनामी ही सुरांची भाषा. 'मा' हा एकच उच्चार सहा सुरांत म्हटला तर त्याचे भूत, आई, पण, थडगे, घोडा आणि भाताचे रोप असे सहा अर्थ होतात. पुस्तकात अक्षरांवरच्या खुणा दिसतात, सूर दिसत नाहीत. ते कानानेच शिकावे लागतात आणि घरात आजी नसेल तर ऐकवणार कोण? चेक प्रजासत्ताकात 'न्गुयेन' हे आडनाव आता अगदी सर्रास आढळते आणि २०१३ मध्ये तिथे व्हिएतनामींना अधिकृत अल्पसंख्याकांचा दर्जाही मिळाला. पण तिथे जन्मलेली मुले आपापसात चेकच बोलतात.

त्यांच्या भाषेत 'नूक' म्हणजे पाणी आणि 'नूक' म्हणजेच देश. समुद्र ओलांडून गेलेल्यांच्या मुलांना हा शब्द ठाऊक असावा, निदान एवढे तरी त्यांच्या आईबापांना वाटते. मग ते हनोईचे केंद्र लावोत की लिटल सायगॉनचे. ऑगस्ट २०२२ मध्ये व्हिएतनाम सरकारने परदेशस्थांमधील व्हिएतनामी भाषेच्या सन्मानासाठी एक दिवस मुक्रर केला, ८ सप्टेंबर. नभोवाणीचा वाढदिवस त्याच्या आदल्या दिवशी असतो.