गाइडच्या शेजारचं कपाट

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या!

सबमिशनच्या गडबडीत आपण लायब्ररीत जातो ते टेक्स्टबुकं आणि गाइडं घ्यायला. मीही त्यातलाच. पण गेल्या सेमिस्टरला शेजारच्या कपाटातली दोन पुस्तकं हाती लागली.

पहिलं, क्रिस मिलर यांचं ‘चिप वॉर’ (२०२२). ट्रान्झिस्टरच्या आकृत्या मी पाठ केल्या होत्या. पण सर्वांत प्रगत चिप्स बहुतेक तैवानमध्ये बनतात आणि त्यांवर सर्किट छापणारी ईयूव्ही मशीन्स नेदरलँड्समधली एकच कंपनी बनवते, हे इथे कळलं. त्या मशीनमध्ये सेकंदाला वितळलेल्या कथिलाच्या सुमारे ५०,००० थेंबांवर लेझर मारून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश मिळवतात!

दुसरं, एड कॉनवे यांचं ‘मटेरियल वर्ल्ड’ (२०२३). वाळू, मीठ, लोखंड, तांबं, तेल आणि लिथियम या सहा गोष्टींवर आपलं जग कसं उभं आहे, ते यात आहे. सिव्हिलवाल्यांचं काँक्रीट आणि आमची चिप, दोन्हींची सुरुवात वाळूतच!

माझा रूममेट मराठी माध्यमातला. इंग्रजी पुस्तक म्हटलं की तो बिचकायचा. मग त्याने मला अच्युत गोडबोले यांचं ‘मुसाफिर’ वाचायला लावलं. आयआयटीतून केमिकल इंजिनिअर झालेल्या माणसाचं हे आत्मचरित्र. आता मराठी शब्द अडला की मी त्याला विचारतो, इंग्रजी अडला की तो मला.

तेव्हा पुस्तकं घ्या, नवी हवी असतील तर ग्रंथपालांकडे नावं द्या. आपण मागितलीच नाहीत, तर पुढच्या वर्षी पुन्हा गाइडंच येतील!