थाळीवरची रात्र

नाटकातलं माझं सगळं आयुष्य विंगेतल्या एका मोडक्या स्टुलावर गेलं. शहाद्याहून आमची हौशी मंडळी राज्य नाट्य स्पर्धेला निघाली की 'संगीत' माझ्याकडे. संगीत म्हणजे एक कॅसेट प्लेअर, पत्र्याचा तुकडा, सुपातले वाटाणे आणि दोन करवंट्या. पत्रा हलवला की गडगडाट, वाटाणे फिरवले की पाऊस, करवंट्या फळीवर आपटल्या की घोडा. एका वर्षी नायिकेनं दार उघडलं, पाहुण्याला आत घेतलं, पाणी दिलं आणि मग मी बेल वाजवली. प्रेक्षक असे हसले, की तिसऱ्या अंकातलं मरणही त्यांनी हसतच पाहिलं. चूक पूर्णपणे माझी. मी पान खात होतो. पण तेव्हापासून आवाज आणि गोष्ट यांचं एकमेकांशी काय चालतं, हे शोधायचा नाद लागला तो लागलाच.

करवंट्यांवरचा माझा विश्वास सारंगखेड्यानं उडवला. दत्तजयंतीला तिथं तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिचा घोडेबाजार महाराष्ट्रभर ओळखला जातो. खऱ्या टापा टेप करायच्या म्हणून मी भल्या पहाटे तिथं जाऊन बसलो. कानाला हेडफोन लावला आणि चाटच पडलो. मऊ मातीत टापा वाजतच नाहीत! ऐकू येते ती नाकपुड्यांची फुरफुर, खोगिराच्या चामड्याची करकर, गळ्यातल्या घुंगरांची किणकिण आणि या सगळ्याच्या खाली एक बोदा धप्प. मोठ्या कौतुकानं मी ती टेप तालमीत लावली. दिग्दर्शकानं विचारलं, "म्हैस कशाला आणलीस?" करवंट्या परत आल्या. पुढं मी एक मधला मार्ग काढला: आधी अंधारात नुसती फुरफुर, मग लांबून हलक्या करवंट्या. फुरफुर ऐकली की प्रेक्षक अंग आक्रसून बसतात. जनावर जवळ आलंय हे त्यांच्या कातडीला आधी कळतं, टापा नंतर.

आता रीतीप्रमाणे चित्रपटातल्या आवाजाचा थोडा इतिहास. १९३१ साली 'आलम आरा' बोलला, १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'नं मराठीला वाचा दिली. 'साउंड डिझाइन' हा शब्द वॉल्टर मर्च यांनी ध्वनी सांभाळलेल्या 'अपोकॅलिप्स नाऊ'पासून, म्हणजे १९७९पासून, रुळला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रसूल पूकुट्टी यांना २००९ साली ऑस्कर मिळालं. आपल्या 'ख्वाडा'ला प्रत्यक्ष चित्रीकरणस्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, महावीर सब्बनवाल यांना. झाला इतिहास. पण 'कुंकू'पाशी थांबल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. १९३७ साली शांतारामबापूंनी ठरवलं, की या चित्रपटाला पार्श्वसंगीत द्यायचंच नाही. जे वाजेल ते त्या घरातलं, त्या गल्लीतलं असेल. शांता आपटे गाते तेव्हा साथीला ग्रामोफोनची तबकडी असते. भिंतीवरचं घड्याळ वाजतं, आणि म्हाताऱ्या नवऱ्याचं वय कुणी बोलून दाखवायची गरज उरत नाही. आजच्या मालिकांमध्ये सासूनं मान वळवली तरी तीनदा ढॅण होतं. त्या मालिका करणाऱ्यांना बसवून 'कुंकू' दाखवावा असं मला फार वाटतं.

आमच्या सातपुड्यात मात्र आवाजातून गोष्ट सांगायची ही विद्या चित्रपटाची वाट बघत बसली नव्हती. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला जाऊन बघा. बघा कसलं, ऐका. होळी पेटते पहाटे. रात्रभर माणसं डोंगर उतरून येत राहतात. बुध्याचा वेष घेतलेल्यांच्या डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरांचे पट्टे आणि सुके भोपळे. वेष हेच वाद्य. मोलगीच्या बाजूनं येणारी टोळी दिसायच्या कितीतरी आधी ऐकू येते: पहिल्यांदा छातीत ढोल, मग कानात घुंगरू, मग अगदी जवळ आल्यावर भोपळ्यांची खडखड आणि धाप. लांबचं, मधलं आणि जवळचं असे तीन थर. ते कसे लावायचे हे स्टुडिओत शिकायला पैसे मोजावे लागतात. इथं ते डोंगराच्या उतारानं आपोआप लागतात.

आणि आता थाळ. खरं तर याच्यासाठीच लेख लिहायला घेतला.

नवापूर तालुक्यातून साक्रीकडे आणि डांगाकडे जाणाऱ्या पट्ट्यात कोकणा आदिवासींमध्ये थाळीवर कथा सांगतात. मी पहिल्यांदा ऐकली ती माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका शिक्षकाच्या घरी. कार्य होतं, रात्र थंडीची. कथा सांगणारे बाबा सत्तरीच्या आसपासचे. पुढ्यात काशाची थाळी. तिच्या मधोमध मधमाशीच्या मेणाचा गोळा दाबला आणि त्यात एक बारीक, सरळ काडी उभी केली. बाबांनी काडीचा शेंडा बोटांच्या चिमटीत धरला आणि चिमूट सावकाश खाली ओढत आणली. थाळी गुणगुणायला लागली. टोला नाही, गज नाही, तार नाही. काडीची थरथर मेणातून काशात उतरते आणि अख्खी थाळी बोलते. तळाशी पोचलं की चिमूट पुन्हा वर. गुणगुण तुटल्यासारखी वाटते आणि तुटत नाही.

त्या गुणगुणीवर कथा चालते. कणसरीची, म्हणजे धान्यमाउलीची, देवांची, रामाचीसुद्धा. कोकणांची ही रामकथा डाह्याभाई वाढू यांनी लिहून काढली, तिचं पुस्तक झालं. बाबा एक ओळ सांगतात, साथीदार तिचं शेपूट उचलून परत म्हणतो, तेवढ्यात बाबांना पुढची सापडते.

ढोलाला ताल असतो, तालाला सम असते, आणि समेवर यायचं म्हणून ओळ कापावी लागते. थाळीला सम नाही. ओळ दोन शब्दांची असो की दमछाक होईपर्यंतची, खालची जमीन तीच. शिवाय ती गुणगुण बाहेरचं कुत्रं, कुणाचा खोकला, चुलीतलं लाकूड असं सगळं आपल्या पोटात घेते. तासाभरानं आपण ती ऐकेनासे होतो. मग नुसती कथा उरते.

हे मला कळलं ते फजिती झाल्यावर. पुढच्या खेपेला मी रेकॉर्डर नेला आणि ती रात्र साफ करून घ्यायला एका शहरातल्या स्टुडिओत दिली. तिथला मुलगा हुशार होता. "काका, तुमच्या टेपला अर्थिंगचा हम होता, काढून टाकलाय," म्हणाला. थाळीच काढली होती! उरला होता बाबांचा उघडा आवाज. तीच कथा रेशनची यादी वाचल्यासारखी वाटत होती.

पहिल्या रात्रीची एक गोष्ट राहिली. मध्यरात्रीनंतर, कथेतलं माणूस रानात एकटं पडतं, तिथं बाबांनी काडीवरून बोटं काढली. गुणगुण थांबली. एकदम कौलांवरचा वारा ऐकू आला, लांब कुठंतरी टिटवी ओरडली, आणि घरातली झाडून सगळी माणसं दाराकडे बघायला लागली. बाबांनी अंगठ्यानं मेण दाबलं, काडी सरळ केली आणि पुन्हा सुरुवात केली.

सकाळी चहा पिताना मी विचारलं, "बाबा, नेमके तिथंच का थांबलात?"

"काडी ढिली झाली होती, मास्तर."

मी वहीत तसंच लिहून ठेवलं: काडी ढिली. पुढच्या खेपेला, रेकॉर्डर नेला होता त्या रात्री, गाव दुसरं, घर दुसरं, थाळीही दुसरी होती. कथेतलं माणूस रानात शिरलं आणि काडी पुन्हा ढिली झाली.