रोशा गवत आणि गुलाबाचे अत्तर

अत्तर म्हटले म्हणजे गुलाब, चंदन, केवडा व कस्तुरी यांचीच नावे आपल्यापुढे येतात. परंतु गुलाबाच्या अत्तराच्या जागतिक व्यापारात खानदेशातील एका रानगवताचा मोठा वाटा होता, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. हे गवत म्हणजे रोशा होय. विदर्भात त्यास तिखाडी असेही म्हणतात. संस्कृतात त्याचे नाव रोहिष असे आहे.

सुगंधाचे शास्त्र आपल्या देशात प्राचीन आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ६ व्या शतकात गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला गेला, तर १२ व्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त राजाच्या गंधभोगाचे वर्णन केले. तथापि हा सुगंध बहुतांशी राजवाड्यातला होता. रोशाचा सुगंध मात्र डोंगरउतारावर आपोआप उगवत असे.

ओढ्याकाठच्या भट्ट्या

१९ व्या शतकात खानदेशातील नंदुरबार व पिंपळनेर या भागांत, तसेच निमाड व मेळघाटच्या डोंगरांत, पावसाळा सरताच रोशाच्या भट्ट्या लागत. लोखंडी हंड्यात गवत दाबून भरीत व त्यात पाणी घालून खाली जाळ करीत. हंड्याच्या झाकणातून निघालेली बांबूची नळी ओढ्याच्या थंड पाण्यात ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात सोडलेली असे. वाफ तेथे थंड होई व पाण्यावर तेल तरंगे. सरपण व वाहते पाणी जेथे असेल तेथेच भट्टी मांडली जाई.

हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात जाई. तेथे डिंकाच्या पाण्यात घुसळून व उन्हात ठेवून त्याचा उग्रपणा कमी करीत. मग ते गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. बल्गेरियातील कझानलिक येथील गुलाबाची शेती प्रसिद्ध आहे. हा प्रदेश १८७८ पर्यंत पूर्णपणे तुर्की साम्राज्यात होता. तेथे फुले भट्टीत घालण्यापूर्वीच त्यांवर रोशाचे तेल शिंपडण्याची युक्तीही केली जाई.

ही भेसळ पचण्याचे कारण रासायनिक होते. गुलाबाच्या तेलातील एक प्रमुख घटक जिरॅनिऑल हा आहे व चांगल्या रोशाच्या तेलात तो सुमारे ७५ ते ९० टक्के असतो. युरोपच्या बाजारात हेच तेल ‘तुर्की जिरेनियम तेल’ या नावाने विकले जाई. वस्तुतः ते ना तुर्कस्तानचे होते, ना जिरेनियम वनस्पतीचे. ज्या मातीत ते पिकले तिचे नाव मागे पडले व नफ्याचा मोठा भाग मधल्या हातांत राहिला.

भेसळीचा दुसरा घाव

भेसळ केवळ परदेशातच होत होती असे नाही. येथूनही रोशाच्या तेलात खोबरेल, टर्पेंटाइन किंवा रॉकेल मिसळले जात असे. शिवाय रोशाच्या मोतिया व सोफिया या दोन जाती दिसण्यात जवळजवळ सारख्या आहेत. मोतिया निचऱ्याच्या कोरड्या उतारावर, तर सोफिया सखल व ओलसर जागी अधिक आढळते. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल कमी असते व त्याचा वासही हलका मानतात. दोन्ही गवते एकाच हंड्यात गेली की मोतियाचा भाव जातो. पुढे २० व्या शतकात कारखान्यांत जिरॅनिऑल तयार होऊ लागले, तेव्हा नैसर्गिक तेलास शुद्धतेखेरीज दुसरा आधार उरला नाही.

आज घ्यावयाची काळजी

हलक्या, निचऱ्याच्या व कमी पावसाच्या जमिनीत रोशाची लागवड करता येते. एकदा लावलेले पीक अनेक वर्षे कापणी देते. पाणी साचणारे शेत मात्र टाळावे. बी खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने तृष्णा, पीआरसी-१ यांसारखे सुधारित वाण दिले आहेत.

तेल मुख्यतः फुलोऱ्यात व पानांत असते, दांड्यात अत्यल्प. यास्तव फुले उमलल्यानंतर आठ-दहा दिवसांत कापणी करावी. भट्टीत गवत तळाशी करपू देऊ नये, कारण करपट वास पुढे निघत नाही. तेलातील पाणी पूर्ण काढून ते काठोकाठ भरलेल्या स्वच्छ भांड्यात, अंधाऱ्या व थंड जागी ठेवावे.

खरेदी-विक्रीपूर्वी दोन सोप्या परीक्षा करून पाहाव्यात. कागदावर एक थेंब टाकून कागद मंद उष्णतेवर धरावा. डाग कायम राहिल्यास खाद्यतेलाची भेसळ संभवते. तसेच शुद्ध तेल तिप्पट ७० टक्के मद्यार्कात स्वच्छ विरघळते; द्रावण गढूळ झाल्यास रॉकेल वा तत्सम भेसळीचा संशय घ्यावा. अंतिम निर्णयासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

लागवडीपूर्वी गावापासून भट्टी किती दूर आहे व तेल कोण घेणार, याची चौकशी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांसमवेत अवश्य करावी. एकट्याने भट्टी उभारणे परवडत नसेल, तर काही शेतकऱ्यांनी मिळून ती चालवावी व प्रत्येक डब्यावर गाव, वाण व कापणीची तारीख लिहावी. खानदेशचे तेल एके काळी दुसऱ्याच्या नावाने जगभर गेले. ते आपल्या नावाने जावयाचे असेल, तर डब्यावर लिहिले असेल तेच डब्यात असले पाहिजे.