पाव, पोई आणि अळू

अळूवडीसाठी पाने चिरताना हात खाजू लागतात, म्हणून आई आधी हाताला तेल किंवा चिंचेचा कोळ लावून घेते, हे तुम्ही पाहिलेच असेल. आपल्याकडे अळू हे जेवणातले तोंडीलावणे. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर मात्र तेच मुख्य अन्न होते; आपल्याकडे भात किंवा भाकरी असावी तसे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतून काही मिशनरी कुटुंबे तेथे राहायला गेली, तेव्हा या अळूशी त्यांची गाठ पडली.

२३ ऑक्टोबर १८१९ रोजी बॉस्टनहून 'थॅडियस' नावाचे शिडाचे जहाज निघाले. त्यात सात मिशनरी जोडपी होती. ज्या अमेरिकन बोर्डाने १८१३ साली मुंबईत मराठी मिशन सुरू केले, त्यानेच यांना धाडले होते. पनामाचा कालवा तेव्हा नव्हता. जहाजाला दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालावा लागे. पाच महिन्यांहून अधिक प्रवास झाल्यावर ३० मार्च १८२० रोजी हवाईचे डोंगर दिसले. प्रवाशांत डॅनियल चेंबरलेन नावाचा एक शेतकरी होता. बायको आणि पाच मुले त्याच्याबरोबर होती.

ही मंडळी अगदी मोक्याच्या वेळी पोहोचली. हवाईत जेवणाचे कडक सोवळे होते. स्त्रियांनी पुरुषांबरोबर जेवायचे नाही. डुकराचे मांस, नारळ आणि बहुतेक जातींची केळी त्यांना वर्ज्य. जहाज समुद्रात असतानाच तरुण राजा लिहोलिहो स्त्रियांच्या पंक्तीला जाऊन बसला आणि हे नियम मोडले. पाहुण्यांना नव्या अन्नाची सवय करायची होती, तर यजमान स्वतःच्याच ताटाची नवी रीत शिकत होते!

बेटावर ताजी फळे, रताळी, मासे, नीरफणस यांना तोटा नव्हता. पण न्यू इंग्लंडच्या माणसाला पाव लागतो. तो गव्हाच्या पिठाचा, आणि पीठ यायचे बॉस्टनहून पिंपांत भरून. उष्ण कटिबंध दोनदा ओलांडून आलेल्या पिठाचे काय होणार? ओलाव्याने त्याचे दगडासारखे गोळे होत, किडे पडत. तरीही ते चाळून, कुटून पाव भाजला जाई. मला वाटते, यात भुकेपेक्षा घरच्या ओढीचा भाग मोठा होता.

दारात मात्र पोई तयार होती. अळूचे कंद खड्ड्यात तापवलेल्या दगडांवर, पानांखाली झाकून शिजवायचे. मग सोलून लाकडी काथवटीत दगडी बत्त्याने कुटायचे आणि पाणी घालून सरबरीत करायचे. ही पोई. रंग करडा-जांभळा, पोत खळीसारखा. ती बोटाने खायची. एका बोटावर उचलता येते की तीन बोटे लागतात, यावरून तिचा दाटपणा ठरतो. एकाच भांड्यात सर्वांनी बोटे बुडवलेली पाहून पाहुण्यांना काय वाटले असेल याची कल्पना करा!

आता कंद शिजवायचा कशासाठी, ते पाहू. अळूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक जुड्यांनी असतात. कच्चा तुकडा चावला की त्या सुया जिभेत आणि घशात टोचतात. त्यांच्याबरोबर असलेले एक प्रथिनही आग वाढवते, असे संशोधकांना आढळले आहे. हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत. पण भरपूर उष्णतेने प्रथिनाची रचना बिघडते आणि खाज निघून जाते. कमी शिजलेले अळू खवखवते ते यामुळेच.

अळूतील पिष्टाचे कणही ध्यानात घेण्याजोगे आहेत. बटाट्यातील कण १०० मायक्रोमीटरपर्यंत मोठे असतात, तर अळूतील साधारण १ ते ५ मायक्रोमीटरचे. इतके बारीक कण पचायला सोपे, म्हणून हवाईत तान्ह्या मुलांनाही पोई देतात.

ताजी पोई गोडसर लागते. एक-दोन दिवस ठेवली की आंबते, कारण लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू तिच्यात झपाट्याने वाढतात. हवाई विद्यापीठातील ॲलन दांपत्याने १९३३ साली पोईतील या जीवाणूंवर अभ्यास प्रसिद्ध केला. आम्ल वाढले की अन्न कुजवणाऱ्या बऱ्याच जीवाणूंना तेथे थारा मिळत नाही. शीतकपाट नसलेल्या घरात ही केवढी सोय! आपली आंबील, ताक, इडलीचे पीठ यांत असेच घडते. नवख्या माणसाला मात्र आंबट पोई 'नासलेली' वाटते. गंमत अशी की, पाव फुगवायला पीठ आंबवावे लागते, हे या मिशनरी स्त्रियांना आजीपासून ठाऊक होते. पिठातला आंबवणारा जीव त्यांना परिचित, भांड्यातला परका!

सर्वांचा जम बसला नाही. चेंबरलेन कुटुंब १८२३ साली परत गेले. त्याची प्रकृती ढासळली होती आणि मुलांची काळजी होतीच. जी कुटुंबे राहिली, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी नीरफणस आणि अळू रुळले. तेथेच जन्मलेल्या मुलांना तर पोई परकी वाटण्याचे कारणच नव्हते.

याच मुलांच्या पिढीने पुढे अळूवर संकट आणले. अळूच्या पाणथळ वाफ्यांतून थंड पाणी सतत वाहते असावे लागते. कोमट, साचलेल्या पाण्यात कंद कुजतो. सॅम्युएल अलेक्झांडर आणि हेन्री बाल्डविन हे दोघे मिशनऱ्यांचे मुलगे. माउई बेटावर त्यांनी ऊस लावला आणि १८७६ ते १८७८ या काळात हामाकुआ नावाचा कालवा खोदला. पूर्वेकडच्या पावसाळी डोंगरांतले ओढे त्यांनी कोरड्या भागातील उसाकडे वळवले. हळूहळू असे कालवे वाढले आणि खाली अळूच्या वाफ्यांना पाणी पुरेना. हवाई लोकांच्या पुराणकथेत अळू हा माणसाचा थोरला भाऊ मानला आहे. पोईचे भांडे उघडे असताना भांडू नये, अशी तेथे रीत आहे. या पाण्यावरून मात्र भांडण झालेच आणि ते दीर्घकाळ चालले.

माउईवरील साखरेचा शेवटचा हंगाम २०१६ साली झाला. २०१८ मध्ये तेथील जल आयोगाने पूर्व माउईच्या अनेक ओढ्यांत पाणी परत सोडण्याचा आदेश दिला.